दोर सोडव, ताई

ओल्या दगडाचा वास आला की रास अल खैमाचे डोंगर आठवतात. त्या दिवशी पावसाने सगळे कडे निथळत होते. अल ऐनहून निघून सकाळभर गाडी फिरवल्यावर एका कोरड्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रात, पुढे झुकलेला, सुका कडा सापडला. मी चढत होतो आणि खाली पात्रात ताई माझा दोर कमरेला अडकवून उभी होती. एकाएकी गडगडाट झाला आणि वरच्या वळणावरून तांबडं पाणी धोंडे लोटत आलं. आमची गाडी त्याने उचलून खडकावर आपटली. ताई गुडघाभर पाण्यात होती. “दोर सोडव, वर पळ!” मी ओरडलो. “आधी तू स्वतःला खिळ्यात अडकव!” “अडकवलंय, यल्ला, पळ लवकर!” खरं तर कड्यात ठोकलेला खिळा अजून हातभर वर होता आणि मी नुसत्या बोटांवर लटकत होतो. तिने दोर सोडवून उतारावर झेप घेतली आणि ती उभी होती तिथेच एक धोंडा आदळला. मी कसाबसा खिळा गाठला. मी आधी अडकवलं नव्हतं हे तिने उतारावरून पाहिलं. पाणी ओसरल्यावर तिने मला खाली उतरवलं आणि ओठ फुटेल अशी थोबाडीत मारली. “पडला असतास तर आईला काय सांगितलं असतं मी?” असं म्हणत ती हमसून रडली. आईला आजही एवढंच माहीत आहे की आमची गाडी पुरात गेली.