चुन्याच्या हाडांचा स्पंज

१९८३ साल. मी तेव्हा पन्नास वर्षांचा. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांवर नवे बोर्ड लागत होते, आणि नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा. पावसानं पाठ फिरवली होती. मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. शिक्षण तिसरी, तेही निजामाच्या काळातलं, उर्दूत. पण कोणती बरणी कुठल्या फळीवर, हे सरांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं, आणि तसं मी सरांना तोंडावर सांगायचो.

धाकटी लेक त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भाकरी थापता थापता ती धडा म्हणायची आणि मी चुलीपुढं बसून वाद घालायचो.

"स्पंज प्राणी हाय, अप्पा."

"समुद्राच्या तळाला चिकटून बसतंय, जाग्यावरनं हलत न्हाई. झाडच की ते."

"मग उन्हाळ्यात तुमीबी झाडच. बाजेवरनं कुठं हलता?"

ती सांगायची, स्पंजाला तोंड नाही, पोट नाही. अंगभर बारीक भोकं असतात. तिथून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळून ठेवायचं आणि वरच्या मोठ्या भोकातून पाणी सोडून द्यायचं. मी म्हणालो, "लातुरात असता तर आठ दिवसांत मेला असता बिचारा." ती हसली. हसली की लई आईसारखी दिसायची.

परीक्षा जवळ आली तसं सरांनी कपाट साफ करायला सांगितलं. एका बरणीतलं औषध उन्हाळ्यानं आटून गेलं होतं. आतला स्पंज बोटाएवढा, वरच्या भोकाला केसांची झालर, अंगावर मळकट पुट चढलेलं. धुवायला पाणी न्हवतं. बोअरच्या पाण्यानं काचेच्या भांड्यांवर पांढरा थर धरायचा, तो मी पातळ ॲसिडनं काढायचो. ही माझी स्वतःची युक्ती, कुणी शिकवलेली नाही. तीच केली. स्पंज ॲसिडात सोडला आणि तो फसफसायला लागला. मला वाटलं, मळ निघतोय. चिमट्यानं उचलायला गेलो तर चिमट्यात नुसता लिबलिबीत चोथा.

रिकामी बरणी मी मागच्या फळीवर सारली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, तो नमुना शेवटचा कुणाच्या हातात होता? माझ्या लेकीच्या, तिनं त्याचं चित्र काढलं होतं. सर म्हणाले, "नमुना आणून दे, नाहीतर प्रात्यक्षिकाला बसू देणार नाही." मी दारातच उभा होतो. फडकं उचललं आणि टेबलं पुसायला लागलो.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी भाकरी थापत बसली.

"अप्पा, स्पंजाच्या जाती कशावरनं ओळखतात, ठाऊक हाय? हाडांवरनं. कुणाची चुन्याची, कुणाची काचेची, आंघोळीच्या स्पंजाची नुसती मऊ धाग्याची. चुन्याच्या हाडावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतंय."

"एकच थेंब?"

"एकच. बुडवल्यावर काय उरंल?"

ती माझ्याकडं बघत न्हवती, तव्याकडं बघत होती. माझी ॲसिडची युक्ती तिला ठाऊक होती, तिला सगळं कळलं होतं.

"बुडवला काय, अप्पा?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं." तिनं माझ्या ताटात गरम भाकरी टाकली, वर तेल-चटणी घातली. "उद्या मी सरांना सांगते, माझ्या हातनं हरवला म्हणून. पाया पडते. ऐकतील. तुमचा तिथं मान हाय, अप्पा, तो राहू द्या."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी घर सोडलं. प्रयोगशाळा उघडली, तिची सगळी बॅच येऊन उभी राहीस्तोवर थांबलो. सर आले तसं डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, तो स्पंज चुन्याच्या हाडांचा होता. मी ॲसिडात बुडवून विरघळवला. पोरीला विचारू नका, मला विचारा."