लिफ्टजवळचा चौकोन

मारुती घेणारे वाढले, तसे बिल्डर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्या कोंबायला लागले. विद्यानगरच्या आमच्या ऑफिसातले वयस्कर ड्राफ्ट्समन मात्र नकाशात लिफ्टजवळचा गाडीचा एक चौकोन कायम रुंद काढत.

"इत्ती जगा कायको?" बिल्डर खेकसायचा.

"व्हीलचेअर को होना, साब." एवढंच बोलून ते पेन्सिलीला टोक करत बसत. बिल्डर चौकोन खोडायला लावायचा, ते पुढच्या नकाशात पुन्हा काढायचे.

एकदा त्यांच्या गौलीगुड्याच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. व्हीलचेअरवर बसलेल्या त्यांच्या बायकोला खाली उतरून वर्षं झाली होती. त्यांनी नवा नकाशा तिच्या मांडीवर पसरला.

"इथून लिफ्ट किती लांब हो?" चौकोनावर बोट ठेवून तिनं विचारलं.

"चारच पावलं."

तिनं दोन बोटांनी ती पावलं हळूहळू चालून पाहिली.