नऊ गाभण गाई

थोरल्याला पोटदुखी जडली ती वयाच्या आठव्या वर्षी, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती त्याला पुरली. डॉक्टरला दाखवण्यासारखी ही पोटदुखी नव्हती. तिचं कारण त्याच्याच घरात, त्याच्याच शेजारी झोपायचं. धाकटा भाऊ.

झालं असं, की बापाने एका सकाळी दोघा पोरांना गोठ्यात नेलं, एका गाईसमोर उभं केलं आणि विचारलं, "ही गाभण आहे का?" थोरल्याने गाईचं पोट पाहिलं, शेपटी पाहिली, बापाचा चेहराही पाहून घेतला आणि "नाही" म्हणाला. चार वर्षांचा धाकटा नाक पुसत "आहे" म्हणाला. पाच महिन्यांनी गाय व्याली. आता चार वर्षांच्या कुठल्याही पोराचं उत्तर निम्म्या वेळा बरोबर येणारच, यात कसलं आलंय कौतुक? पण बापाने त्या दिवसापासून धाकट्याला 'पारखी' म्हणायला सुरुवात केली. थोरल्याला त्याने काहीच म्हणायला सुरुवात केली नाही.

थोरला कामाला वाघ होता. दोनशे एकरांच्या कुरणाभोवतीची तार त्याने एकट्याने ताणली होती. हिवाळ्याची वैरण तो अशी रचायचा की वरून पाणी पडलं तरी आतली काडी भिजत नसे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून त्याने कितीतरी वासरं जिवंत बाहेर काढली होती. धाकटा मात्र कुंपणाला रेलून गवताची काडी चघळत गुरांकडे बघत बसायचा, आणि संध्याकाळी बापाला सांगायचा, "ती पांढऱ्या पायाची उद्या आजारी पडेल." ती पडायची. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाय आजारी पडली याचं त्याला वाईट वाटायचं, पण धाकट्याचं खरं ठरलं याचं त्याहून जास्त.

बाप गेला तेव्हा थोरला एकतीस वर्षांचा होता. घरात बायको होती, दोन मुली होत्या आणि तिसऱ्याची चाहूल होती. धाकटा सडाफटिंग. बापाने मरताना सांगितलं होतं की गुरांचे दोन वाटे थोरल्याने पाडायचे आणि कुठला घ्यायचा ते धाकट्याने ठरवायचं, म्हणजे कुणी कुणाला फसवणार नाही. बाप गुरं ओळखायचा, पण पोटची पोरं काही त्याला ओळखता आली नाहीत.

कारण त्या वर्षी एक गोष्ट जुळून आली होती. धाकट्याचा पाय मोडला होता आणि तो तीन महिने खाटेवर होता. त्या तीन महिन्यांत वळू कुठल्या गाईवर सोडला, कुठली पुन्हा माजावर आली आणि कुठली आली नाही, हे फक्त थोरल्याला ठाऊक होतं. नऊ गाई पुन्हा माजावर आल्या नव्हत्या. म्हणजे नऊ गाभण, आणि अजून एकीचंही पोट दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याला असं काही ठाऊक होतं जे पारख्याला ठाऊक नव्हतं.

त्याने त्या नऊ जणींना एकाच वाट्यात घातलं आणि मुद्दाम नुसत्या गवतावर ठेवलं. दुसऱ्या वाट्यातल्या गाईंना मात्र महिनाभर रोज खुराक चारला, अंगं घासून पुसून काढली, इतकी की त्यांच्या पाठीवरून माशीचा पाय घसरावा. वाटणीच्या दिवशी धाकटा कुबड्या घेऊन आला. दोन्ही कळपांमधून एकदा फिरला. थोरला गुरांना पाणी पाजून परत आणेपर्यंत कुंपणाला रेलून बसला. मग कुबडीने तुकतुकीत कळपाकडे बोट दाखवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, मी हा घेतो."

थोरल्याचं काळीज सुपाएवढं झालं. त्या दिवशी त्याने कधी नव्हे ते धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या वर्षी त्याच्या गोठ्यात वासरंच वासरं झाली आणि धाकट्याच्या निम्म्या गाई भाकड निघाल्या. थोरल्याने हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ही गोष्ट त्याला एकट्याला चघळायची होती.

आणि त्याने ती पन्नास वर्षं चघळली. तिसरी मुलगीच झाली, धाकट्याला मात्र पुढे लग्न करून दोन मुलगे झाले, तेव्हा थोरल्याने मनात नऊ गाई मोजल्या. त्याच वाट्यातून धाकट्याने दहा वर्षांत दुप्पट कळप उभा केला, लांबलांबची माणसं गाय विकत घ्यायच्या आधी त्याला गाडीत घालून न्यायला लागली, तेव्हाही मोजल्या. थोरल्याच्या मधल्या मुलीने गुरांचं काम हातात घेतलं आणि एक दिवस सहज म्हणाली, "काकांना विचारून येते," तेव्हा तर दोनदा मोजल्या. घरात डाफरत शिरलेला माणूस खिडकीशी उभा राहायचा, ओठ हलवायचा आणि निवळून जेवायला बसायचा. बायको काही विचारायची नाही.

मग परवा गुरं पाळणाऱ्यांच्या संघटनेने धाकट्याचा सत्कार केला. थोरल्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. धाकटा माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला जे काय येतं ते दादाने शिकवलं." सगळ्यांनी माना उंच करून थोरल्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. थोरल्याला ती थप्पड वाटली. ज्याच्याकडे भरपूर असतं त्यालाच असं श्रेय वाटत सुटणं परवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काठी टेकत दोन कुरणांमधल्या फाटकापाशी गेला. धाकटा पलीकडे उभा होताच, काडी चघळत.

"तुला एक सांगायचंय," थोरला म्हणाला. "वाटणीच्या वेळी मी तुला फसवलं. माझ्या वाट्यात नऊ गाई गाभण होत्या. मला ठाऊक होतं. तुला ओळखता आलं नाही."

बोलून झाल्यावर तो भावाचा चेहरा पडण्याची वाट पाहत राहिला. या एका क्षणासाठी तो पन्नास वर्षं थांबला होता.

धाकट्याने तोंडातली काडी काढली. "अकरा होत्या, दादा."

"काय?"

"तू पाणी पाजायला नेल्यास ना ओढ्यावर, तेव्हा बघितलं मी. अकरा जणी उतारावर पाय जपून टाकत होत्या. नऊ तुला ठाऊक होत्या, दोन नव्हत्या."

"मग तू तो वाटा का नाही घेतलास?"

"तुझ्या घरात लेकरं होती. मी एकटा जीव, मला काय घाई होती?" मग थोडा ओशाळून तो म्हणाला, "त्या दोघींना तू जास्त चालवशील अशी भीती वाटली, म्हणून वहिनींना तेवढं सांगून ठेवलं होतं."

थोरला परत कसा आला ते त्याचं त्याला कळलं नाही. कुणी फसवलं असतं तर त्याने माफ केलं असतं. पण हे? जिंकलेली एकुलती एक गोष्ट, आणि तीही धाकट्याने दिलेली! आता कुरणात चरणारं प्रत्येक जनावर त्या अकरा जणींच्या पोटचं होतं. मुलींची लग्नं, घराचं नवं छप्पर, सगळं त्यातून आलेलं.

बायको घरात उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

"तुला ठाऊक होतं?" त्याने दारातूनच विचारलं.

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "वाटणीच्या दुसऱ्याच दिवशी भाऊजी येऊन सांगून गेले. म्हणाले, वहिनी, दादाला कळू देऊ नका, फार खूश आहे तो. त्या दोघींना मी तुमच्या नकळत खुराक घालायचे."

"पन्नास वर्षं हसत होतात दोघं मला?"

"हसायला काय झालंय? तुम्ही खिडकीशी उभे राहून ओठ हलवायचात ना, मला बरं वाटायचं. मी मनात म्हणायचे, चला, आता निवळतील, जेवतील."

गाई गेल्या, वाटणी गेली, ते सगळं हळूहळू मागे पडलं आणि थोरल्याच्या पोटात दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. आपलं गुपित आपण पन्नास वर्षं एकट्याने सांभाळलं, बायकोलासुद्धा त्यात घेतलं नाही. आणि धाकट्याचं गुपित सांभाळायला आपली बायको होती.

"आणखी काय काय बोलायचात तुम्ही दोघं?" त्याने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, काठीवर दोन्ही हात, नाक लाल झालेलं. तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती थांबेना.

थोरला हसला नाही. त्याला उत्तर हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत तो दारातून हलणार नव्हता.