मोहाखालचा गोल

डोंगरावरच्या खाणीची परवानगी रद्द झाल्याचं कळलं आणि दुसऱ्याच सकाळी सोमीआजी मोहाखालचा पाचोळा झाडताना दिसली. आमच्या गावात जो मोहाखाली झाडतो, त्याचीच त्या झाडाची फुलं. सरकारी दप्तराला ही नोंद दिसत नाही, गावाला दिसते. खोडावर खाणीसाठीच्या तोडणीचा लाल आकडा पडल्यापासून आजीने खराटा हातात धरला नव्हता.

“तो आकडा खरवडून टाकते,” मी म्हणाले.

“सालीला कायले जखम करतेस? झाड वाढंल, तसा तो फाटंल. तू पानं उचल.”

झाड वाढणार हे आजीच्या तोंडून ऐकून मला हायसं वाटलं. ‘जमीन आमची’ हे मी खाणीविरुद्धच्या पत्रकांत कितीदा लिहिलं होतं. आजीने झाडून काढलेल्या स्वच्छ गोलात एक फूल टपकलं. मी उचलायला वाकले आणि हात मागे घेतला. ते आजीचं होतं.