कासारणीनं चुडा भरला नाही तो दिवस

सातव्या महिन्यात माझा चेहरा असा गोल झाला, की गल्लीतल्या बायका मुद्दाम दारात थांबून बघायच्या. "सुनंला चांगलं खायाला घातलंय की," असं कुणी म्हटलं की आत्याबाईंची मान ताठ व्हायची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना एकच मुलगा, मुलगी नाही. त्यामुळे सगळी हौस माझ्यावर. सकाळी म्हशीचं निरसं दूध, दुपारी डिंकाचा लाडू. नको म्हटलं तर त्या रागवायच्या. ते पोट माझं नव्हतंच, त्यांच्या मालकीचं होतं.

डोहाळजेवणाला त्यांनी अर्ध्या मंगळवार पेठेला आवतण दिलं. झोपाळ्याला फुलं आणली, पुरण शिजवलं. माझं मात्र चार दिवस डोकं ठणकत होतं, उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. मी कुणाला काही बोलले नाही. एवढा घाट घातलाय, त्यात आपलं रडगाणं कशाला, असा माझा शहाणपणा.

त्या सकाळी मी कपाळ दाबताना आत्याबाईंनी पाहिलं. लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. म्हणाल्या, "दिष्ट लागली. एवढं कौतुक झाल्यावर लागणारच." खरं सांगते, मला बरंच वाटलं. दृष्ट लागण्याइतकी देखणी मी आधी कधी नव्हते.

दहाच्या सुमाराला कासारीण आली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या हातांची मापं तिला पाठ. तिनं माझा हात धरला, हिरवी बांगडी चढवायला लागली, पण ती अंगठ्याच्या गाठीपाशीच अडली. दुसरी, मोठी घेतली. तीही चढेना.

"गौरीच्या सणाला ह्यापेक्षा बारीक बांगडी घातलीती की हिला," ती म्हणाली. मग तिनं बांगडी ठेवून माझ्या मनगटावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथं खड्डा राहिला. तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "डोस्कं दुखतंय?"

मी आत्याबाईंकडे बघितलं आणि हळूच मान हलवली.

कासारणीनं बांगड्या गुंडाळायला घेतल्या. "आक्का, ह्या हातात मी चुडा भरत न्हाय."

"आज डोहाळजेवाण हाय. रिकाम्या हातानं सून झोपाळ्यावर बसवू व्हय?"

"बसवूच नगा. टांगा बोलवा आन् डॉक्टरीणबाईकडं न्या. अशाच सुजल्या हातात मी एकदा वडूनताणून चुडा भरलाय. तिसऱ्या दिवशी पोरगी झटकं यिऊन गेली. माझाच चुडा हातात हुता तिच्या."

स्वयंपाकघरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मला भयंकर राग आला. भरल्या घरात असं अभद्र बोलायचं म्हणजे काय! आत्याबाई आता हिला हाकलणार, असंच मला वाटलं. पण त्या माझ्याजवळ आल्या, मनगटावरच्या त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी तळणीची कढई चुलीवरून उतरवली आणि मुलाला टांगा आणायला पिटाळलं. हाताचं पुरण त्यांनी टांग्यात बसल्यावर पदराला पुसलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, लघवी तापवून बघितली आणि आम्हा दोघींना फैलावर घेतलं. "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, हात-तोंड सुजलंय, आणि तुम्ही पुरण वाटत बसलात? यातलं एक जरी झालं, अंगावरून रक्त गेलं, बाळ हलेनासं झालं, की हातातलं काम टाकून यायचं. पाहुणे उपाशी राहिले तरी मरत नाहीत." मला परत घरी सोडलंच नाही. अंधाऱ्या खोलीत, अळणी जेवणावर, डाव्या कुशीवर झोपवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई उशाशी बसून माझे पाय चेपत होत्या. एकदम हात थांबला.

"मला दिसत हुतं गं," त्या म्हणाल्या. "आठ दिस तुझं तोंड सुजल्यालं दिसत हुतं. पण माझ्या हातचं खाऊन सून भरली, असंच म्हणावं वाटायचं. गल्ली म्हणत हुती, मला ग्वाड लागत हुतं."

मला रडूच आलं. मग मीही सांगून टाकलं, की डोकं चार दिवस दुखत होतं आणि तुमच्या जेवणाचा विरस होऊ नये म्हणून मी तोंड मिटून बसले होते.

त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत.

"म्हंजे मी तुझ्या मायेनं गप आन् तू माझ्या मायेनं गप. दोघींनी मिळून लाडानं मारलं असतं की गं त्याला."

तेवढ्यात पोटात बाळानं पाय झाडला. मी त्यांचा हात ओढून तिथं ठेवला, आणि जेवणाचा डबा येईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.