उजव्या हाताचे लाड

रोह्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर एक जिम आहे. जिन्याच्या तोंडाशी एका उघड्याबंब माणसाचं पोस्टर लावलंय. त्याच्या पोटावर इतके चौकोन आहेत की लादी कुणी बसवली, असं विचारावंसं वाटतं. तो जिना चढायला मला जवळजवळ अख्खा पावसाळा लागला.

मला तिथं जायची हौस नव्हती. मी गणपतीचे डोळे काढते. माझं माहेर जोह्याचं. वडिलांचा मूर्तींचा कारखाना आता धाकटा भाऊ चालवतो. सासर रोह्याजवळ वरश्याला, नवरा इथल्याच कंपनीत. सकाळच्या गाडीनं मी पेणला उतरते, तिथून बसनं जोह्याला, आणि संध्याकाळी परत. मूर्तीचा पितांबर कुणीही रंगवतो, दागिन्यांना कुणीही सोनेरी लावतो, पण डोळ्यांची आखणी एकाच हातची लागते. आखणी करणाऱ्याला खिडकीजवळची जागा मिळते, पहिला चहा मिळतो आणि त्याच्या मागं उभं राहून कुणी बडबड करत नाही. वडिलांनंतर ती जागा माझी झाली होती.

मग गेल्या हंगामात माझा कुंचला हलला. बुबुळाची कड काढताना काळी रेघ पापणीच्या बाहेर गेली. भावानं ती ओल्या फडक्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “ताई, तू जरा उंदीर घे. हात हलतोय गो तुझा.”

उंदीर! जिनं हजारो देवांना दृष्टी दिली तिनं आता उंदरांच्या शेपट्या रंगवायच्या. माझ्या खिडकीजवळ भावाची सून बसली. पोरगी गुणी आहे, हात बरा आहे, पण तिला तिथं बसलेली पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती मात्र दर थोड्या वेळानं मागं वळून विचारायची, “आत्या, बरी आलीय का?” आणि बरी आलेली असायची, हेच मला झोंबायचं.

पेणचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, खांद्यांत ताकद उरलेली नाही, हलकी वजनं उचला, नाहीतर हे वाढेल. घरी पाण्याच्या बाटल्या उचलल्या तर चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण तुम्ही करणार नाही. त्यांचा मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. बाटल्या ओट्यावर राहिल्या आणि नवऱ्यानं त्यांतलं पाणी पिऊन टाकलं.

म्हणून जिम. आता, जिमला जाणाऱ्यांची मी आयुष्यभर यथेच्छ टिंगल केलेली. शेजारचा जावई दंड दाखवत फिरायचा, तेव्हा “याला शेत नांगरायला लावा, फुकटात होईल” हे म्हणणारी मीच. त्यामुळं बूट घालून, पिशवीत नॅपकीन घेऊन त्या जिन्याशी उभं राहिलं की पाय जड व्हायचे. वर आरसे असणार. वर नवऱ्याच्या कंपनीतले, शिफ्ट संपवून आलेले लोक असणार. ‘अमक्याची बायको या वयात काय करायला आलीय’ हे बोलणं मला आधीच ऐकू यायचं, कारण ते बोलणं मला तोंडपाठ होतं. मी वळायची, खाली बसलेल्या बाईकडून कोथिंबीर घ्यायची आणि घरी जायची. “आज काय उचललंस?” नवरा विचारायचा. “कोथिंबिरीची जुडी,” मी सांगायची. आठवडाभर आमच्याकडं वड्याच वड्या.

शेवटी मला वर नेलं ते रागानं. एका सकाळी भावाचा फोन आला. एका मंडळाची मोठ्या मूर्तीची ऑर्डर आली होती आणि तिची आखणी सून करणार होती. “तुला आधी सांगितलेलं बरं,” तो म्हणाला, जणू उपकारच करत होता. मी फोन बंद केला, बूट चढवले आणि थेट जिना चढून गेले.

वर जाऊन बघते तर माझ्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. इतके महिने मी ज्यांच्या नजरेला घाबरले होते, ते सगळे आरशात स्वतःला बघण्यात गढलेले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला अपमानच वाटला.

मग मी त्यांना निवांत बघून घेतलं. मूर्तिकाराच्या घरातली नजर माप घेतल्याशिवाय राहत नाही. एकाची छाती नि खांदे एवढे मोठे आणि पाय असे काटकुळे, की वरून सार्वजनिक आणि खालून घरगुती. दुसऱ्याला मानच नव्हती, साच्यातून घाईनं काढल्यासारखा. तिसरा वजन उचलताना असा काही कण्हायचा की बाळंतपण बरं, आणि उचलून झालं की धाडकन खाली टाकायचा. आमच्याकडं वस्तू अशी टाकणाऱ्याला भाऊ त्या क्षणी घरी पाठवेल. चौथा काही उचलतच नव्हता, नुसते फोटो काढत होता. आणि यांना शिकवणारा ट्रेनर? तो मोबाइलमध्ये. “काकी, हळूहळू करा,” एवढंच मान वर न करता म्हणाला. मला गुलाबी रंगाचं एक खेळण्यातलं वाटावं असं डंबेल दिलं आणि हात कसा वर न्यायचा ते एकदा दाखवलं. झालं शिक्षण.

सवय कशी लागली म्हणाल, तर मी मनाला बोलायची संधीच दिली नाही. जिम स्टेशनच्या वाटेवर पडते. गाडीच्या आधी अर्धा तास निघायचं, जिना चढायचा, घाम गाळायचा, गाडी पकडायची. ‘आज जाऊ का नको’ हा प्रश्न घरात मनाला विचारला की मन हमखास नको म्हणतं. ते फार लबाड असतं. गाडीत निडी स्टेशन येईस्तोवर दंड ठणकत असायचे आणि मला बरं वाटायचं. महिने गेले. डंबेल जड होत गेलं. उजवा दंड असा घट्ट झाला की बाहीत मावेना. मी मनातल्या मनात सुनेला खिडकीजवळून कधीच उठवलं होतं.

एका दुपारी कारखान्यात कुणी नसताना मी तिचा कुंचला घेतला. फुटक्या मूर्तीवर डोळा काढायला बसले. रेघ हलली. पहिल्यापेक्षा जास्त हलली.

एवढे आरसे, एवढा घाम, त्या कण्हणाऱ्याचं कण्हणं, सगळं पाण्यात गेलं होतं. मला रडू आलं आणि तेवढ्यात सून आत आली. तिनं कुंचल्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, “आत्या, तुमचा एक खांदा वर दिसतोय.”

तिनं भावाला हाक मारली. हा माणूस वाळत घातलेल्या मूर्ती लांबूनच पाहून कुठली कलली ते सांगतो. त्यानं मला भिंतीला टेकून उभं केलं, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, “कललीस गो ताई. मूर्ती असतीस तर फोडलीच असती.”

“डाव्या हाताला काय करता तिथं?” सुनेनं विचारलं.

“डाव्याला? काय नाय.”

“म्हणजे?”

“डाव्याचं काय काम? डोळे काय डाव्यानं काढते मी?”

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आमच्यात उजव्या हातालाच हात म्हणतात. अमक्याचा हात बसला, तमक्याचा हात गेला, म्हणजे उजवाच. मी जिममध्ये इतके महिने फक्त उजवा हात व्यायामाला नेत होते आणि डावा नुसताच बरोबर यायचा. एवढ्या आरशांत मला ते दिसलं नाही, कारण मी त्या आरशांत फक्त दुसऱ्यांना बघत होते. आणि ट्रेनर मोबाइलमध्ये.

सून माझ्या शेजारी मांडी घालून बसली. “परत काढा,” म्हणाली. मी कुंचला घेतला, नेहमीसारखा डावा हात उजव्या मनगटाखाली टेकू म्हणून धरला. तिनं आपलं बोट माझ्या डाव्या मनगटावर ठेवलं. “हा हलतोय ओ आत्या. उजवा नाय.”

उजवा दगडासारखा स्थिर होता. खालचा डावा थरथरत होता आणि वरच्याला हलवत होता. माझ्या बिचाऱ्या उजव्या हाताला उगाच उंदरांकडं पाठवलं होतं. आणि मी मूर्ख त्याचेच लाड करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या गुलाबी डंबेलवर आले. डाव्या हातानं. जड डंबेल उचलणारी बाई एका रात्रीत पहिल्या पायरीवर, आणि तेही सगळ्यांसमोर. ट्रेनरनं पहिल्यांदाच मान वर केली. “काकी, मी सांगितलं होतं ना, दोन्ही हात?” सांगितलं होतं म्हणे! मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला. पण मी थांबले नाही. डावा हात तयार करायला मला उजव्यापेक्षा दुप्पट वेळ लागला आणि तो उजव्यापेक्षा दुप्पट कुरकुर करायचा.

मंडळाची मूर्ती रंगून उभी राहिली तेव्हा तिचे डोळे सुनेच्या हाताच्या वर होते. स्टुलावर उभं राहून, हात उंच धरून काढायचे. तिनं दोनदा प्रयत्न केला, दोनदा खाली उतरली. तिचे दंड भरून आले होते. भाऊ माझ्याकडं बघेना आणि तिच्याकडंही बघेना. मी उंदीर बाजूला ठेवला, हात धुतले आणि स्टुलावर चढले.

डावा मनगटाखाली धरला. तो हलला नाही. मी पहिला डोळा एका दमात उतरवला. कारखान्यात कुणी बोलत नव्हतं. मागं उभं राहून कुणी बडबड करत नाही ते असं, हे मी विसरले होते.

भाऊ म्हणाला, “ताई, तुझी जागा घे उद्यापासून.” खाली सून आपल्या रंगाच्या वाट्या गोळा करायला लागली. तिचा एक हात मानेमागं होता, खांदा चोळत होती. अजून पंचविशीसुद्धा नाही तिची.

“राहू दे,” मी वरून म्हटलं. “जमिनीवर बसून काढायचे डोळे तू काढ, उंचावरचे मी. आणि तुझाही खांदा आता दुखायला लागलाय. पेणमध्ये एक जिम हाय, तिथं जा. आणि दोन्ही हात घेऊन जा.”

“मी नाय बा, आत्या. लोक हसतील.”

“हसतील ना. सगळ्यांत आधी मीच हसेन. तू जा,” मी म्हटलं आणि दुसरा डोळा काढायला घेतला.