शेवटच्या पानावरची सरूबाई

विमलाच्या गोष्टीत कुणी कायमचं हरवत नसे. मांजर, पतंग, रुसलेली आत्या, काहीही हरवो, शेवटच्या पानावर घरी हजर! ती अंधेरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवी आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या घरी बसून मुलांची पुस्तकं लिही. चित्रंही स्वतःच काढी. शाळेतल्या बाई चिडवत, "तुझी पोरं कधी ठेचकाळतात तरी का गं?"

"ठेचकाळू देत की. रात्री जेवायला घरी आली म्हणजे झालं," विमला म्हणे. मोठ्यांना हे भाबडं वाटायचं. वाटो बापडं.

तिचे वडील धाकू मात्र आले नाहीत. ब्याऐंशी सालच्या नारळी पुनवेनंतर होडी घेऊन गेले, ते गेलेच. पुढे होडीच्या फळ्या सापडल्या, माणसं नाहीत. आई, सरूबाई, कुंकू पुसेना. बायका कुजबुजल्या, दिराने समजावलं, ती ढिम्म हलली नाही. रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावून मासळीबाजारात बसे. विमला तिला कधी काही बोलली नाही. तिने पुस्तक केलं.

गोष्ट साधी. वादळात सापडलेला बाप, किनाऱ्यावर वाट पाहणारी आई, आणि शेवटच्या पानावर होडी घरी. पुस्तक दोन रंगांत निघायचं होतं. अशा कामात काळी रेघ एका कागदावर असते आणि दुसरा रंग वरच्या ट्रेसिंग पेपरवर वेगळा दाखवायचा. विमलाने लाल रंग दोनच गोष्टींना ठेवला, होडीचं निशाण आणि आईचं कुंकू. खालच्या चित्रात कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता. काळ्या शाईने कुंकू काढायला तिचा हात धजेना.

पार्ल्याचे प्रकाशक श्यामसुंदर तसे भले, पण ऐन वेळी कागद महागला. त्यांनी लाल रंग गाळला आणि विमलाला कळवायचं राहून गेलं. पुस्तकांचा गठ्ठा तिने न उघडताच घरी आणला, कारण पहिली प्रत उघडायची ती आईने, असा घरचा रिवाज. सरूबाईला अक्षर येत नव्हतं. ती चित्रं वाचायची, एकेका पानावर बोट फिरवत.

शेवटच्या पानावर बोट थांबलं. होडी आली होती. किनाऱ्यावर सरूबाई उभी होती आणि तिचं कपाळ कोरं होतं.

"विमले, तुला ठावं व्हतं ना गो?"

गठ्ठ्यासोबत परत आलेला ट्रेसिंग पेपर विमलाने घाईघाईने काढला. "आये, चूक छापखान्याची गो, हे बघ," म्हणत चित्रावर ठेवला. कुंकू बरोब्बर कपाळावर बसलं. सरूबाईने तो कागद उचलला, परत ठेवला, परत उचलला.

"ह्यो उचलला का कुकू जातंच ना?"

विमलाला खोटं बोलता आलं असतं. पुस्तकांत तेच तर करत आली होती. पण फळ्या सापडल्या त्या दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं, फक्त आईसमोर जीभ रेटली नव्हती. ती रडायला लागली.

सरूबाईने पदराने कपाळ पुसलं, सावकाश, जोर लावून. मग बांगड्यांना हात घालता घालता म्हणाली, "पोरांच्या बुकात बापूस येतो, तर येऊं दे. त्यांना नको सांगू."